जन्मस्थळ: आयर्लंड

माझ्या सासूबाईंच्या आजोबांच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘जन्मस्थळ’ या रकान्यात एकच शब्द आहे: आयर्लंड. दाखला अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातील ब्यूट या गावचा, साल १९१३, व्यवसाय खाणकामगार, मृत्यूचे कारण फुप्फुसाचा विकार. माहिती देणारा म्हणून सही आहे ती मोठ्या मुलाची. तो मिशिगनमध्ये जन्मलेला, त्याने आयर्लंड कधी पाहिले नव्हते. समोरच्या कारकुनाने ‘आयर्लंडमध्ये कुठे?’ असे विचारले नसावे, किंवा विचारले असले तरी बापाच्या मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी त्या मुलाला गावाचे नाव आठवले नसावे. माझे वडील वाईचे आहेत. त्यांना कोणी गाव विचारले तर तालुका, नदी आणि घाट सांगितल्याशिवाय ते थांबत नाहीत. त्यामुळे एका अख्ख्या माणसाच्या मागे केवळ देशाचे नाव उरावे, ही गोष्ट मला पहिल्या दिवसापासून टोचत राहिली.

नवऱ्याला या शोधात फारसा रस नव्हता. घराण्याचा इतिहास सुनेनेच उकरून काढायचा, ही रीत दोन्ही देशांत सारखी असावी. सासूबाईंनी मात्र आमच्या सिॲटलच्या घरी येताना होते नव्हते ते कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणले आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवले. त्यांचे माहेरचे आडनाव सलिव्हन. हे आडनाव आयरिश शोधात किती जड जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

या वाटेने गेलेले लोक नवख्याला पहिला सल्ला देतात तो असा, की गावाचे नाव हातात आल्याशिवाय आयर्लंडच्या कागदांना हात लावू नये. गाव म्हणजे त्यांच्याकडे टाउनलँड. कधी त्यात शंभर घरे असतात, तर कधी तीनच. आपल्याकडच्या वाडीशी त्याचे नाते अधिक जवळचे. अशी टाउनलँड साऱ्या बेटावर साठ हजारांहून अधिक आहेत. त्यांच्या नावांत आयरिश भाषेतले शब्द इंग्रजी स्पेलिंगमध्ये चेपून बसवलेले असतात. ‘बॅली’ म्हणजे मूळचा ‘बाल्या’, अर्थात वस्ती. ‘नॉक’ म्हणजे टेकडी. ‘किल’ म्हणजे बहुतेक ठिकाणी जुने देऊळ. एकोणिसाव्या शतकात सरकारी मोजणीदार आले, त्यांनी ऐकले तसे लिहिले, आणि पुढे तेच पक्के झाले. टाउनलँड कळले की त्यावरून पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, कळते; पॅरिश कळले की बाप्तिस्म्यांच्या नोंदींची चर्चची वही कळते. ते कळत नाही तोवर सगळाच अंधार. म्हणून शोध सुरू करायचा तो जिथे माणूस मेला तिथून, जन्मला तिथून नव्हे.

अमेरिकेची १९०० सालची जनगणना या कामी फार उदार आहे. तीत जन्माचा महिना आहे, लग्नाला किती वर्षे झाली ते आहे, अमेरिकेत कोणत्या साली आलात ते आहे. बाईला एक प्रश्न जास्तीचा: किती मुले झाली, आणि त्यांतली किती जिवंत आहेत? आमच्या घरच्या ओळीत या दोन रकान्यांत शेजारी शेजारी ९ आणि ५ असे आकडे आहेत. त्या पानावर मी बराच वेळ थांबले. हयात असलेल्या पाच मुलांच्या जन्मस्थळांचा रकाना वरून खाली वाचला की घराण्याचा प्रवासच समोर येतो: पहिली तीन मिशिगनची, चौथ्यापासून मोंटाना. खाली एक भाडेकरू आहे, त्याचेही आडनाव सलिव्हन, तोही खाणीतला.

आयर्लंड, मिशिगन, मोंटाना. ही वाट जाणकाराला दाखवली, तर तो कागद न पाहताच ‘तांबे’ म्हणेल. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्क परगण्यात, बेरा नावाचे द्वीपकल्प अटलांटिकमध्ये शिरलेले आहे. त्याच्या टोकाशी ॲलिहीज येथे १८१२ पासून पक्सली नावाच्या जमीनदार घराण्याने तांब्याच्या खाणी चालवल्या. बटाट्यावर रोग पडून १८४५ पासून देशभर जो दुष्काळ माजला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. १८४१ मध्ये एक्याऐंशी लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये पासष्ट लाखांच्या आसपास आली. आमच्या माणसाचे आईबाप त्यातून तगले. तो स्वतः जन्मला तो दुष्काळानंतर, १८६१ च्या सुमारास. पुढे त्या खाणीही मंदावल्या, १८८० च्या दशकात बंद पडल्या, आणि दगडातून तांबे काढण्याची कला हातात असलेली माणसे तांब्याच्या मागे मागे गेली. आधी मिशिगनच्या उत्तरेकडील खाणी, मग ब्यूट. ब्यूटच्या ॲनाकोंडा कंपनीचा संस्थापक मार्कस डेली हा स्वतः कॅव्हन परगण्यातून आलेला आयरिश होता, आणि आपल्या माणसांना तिथे काम मिळते हे बेरामध्ये घरोघर माहीत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या शहरातली सुमारे चौथाई वस्ती आयरिश होती. एकाने जायचे, खोली घ्यायची, मग भावाला, मेहुण्याला, गाववाल्याला बोलवायचे आणि दर महिन्याला घरी पैसे धाडायचे. गिरणगावातल्या कोकणी चाकरमान्यांच्या खोल्या ज्याने ऐकल्या-पाहिल्या आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणजे बेरा असणार, इतपत अंदाज आला. पण बेरामध्ये दगड भिरकावला तर तो सलिव्हनलाच लागेल, अशी स्थिती. आपल्याकडे एखाद्या गावात सगळेच जाधव असतात आणि मग ‘मळ्यातले’, ‘वरच्या आळीचे’, ‘खोताच्या घरामागचे’ असे सांगावे लागते, तसेच तिथे एकेका शाखेला टोपणनाव असते: कोणी ‘बान’, म्हणजे गोरे, कोणी ‘रुआ’, म्हणजे तांबड्या केसांचे, कोणी आजोबांच्या नावाचे. बंदरावर उतरताना सोबतच्या गाठोड्यात हे टोपणनाव होते, पण अमेरिकेच्या कारकुनाच्या छापील कागदावर त्याला रकाना नव्हता. एक गैरसमज इथेच दूर करते. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, परदेशातून येणाऱ्यांना तपासून घेण्याच्या ठाण्यात, अधिकाऱ्यांनी लोकांची नावे बदलली, असे घरोघर सांगतात. त्या अधिकाऱ्यांच्या हातात असायची ती जहाज सुटले त्या बंदरात तयार झालेली यादी; ते ती पडताळून पाहत. नावे बदलली ती बहुधा माणसांनी स्वतःच, पुढे, शेजारपाजारच्यांच्या सोयीने.

आता आयर्लंडकडचे दुखणे. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट आणि आग होऊन तिथले सरकारी दप्तर जळाले. १८२१ पासून १८५१ पर्यंतच्या चार जनगणना, थोडे तुकडे वगळता, तिथेच गेल्या. त्यांच्याबरोबर मृत्युपत्रे आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्या गेल्या. एवढे ऐकले की लोक हळहळतात. मला मात्र त्यापुढच्या चार जनगणनांची गोष्ट अधिक बोचते: १८६१ आणि १८७१ ची पाने आकडेमोड झाल्यावर सरकारनेच नष्ट केली, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेली. तिथे तोफ नव्हती की यादवी नव्हती. दप्तरखान्यातल्या कोणा हिशेबी माणसाने कपाट रिकामे केले, इतकेच. पूर्ण वाचलेली सर्वांत जुनी जनगणना १९०१ ची. आमचा माणूस तोवर वीस वर्षे अमेरिकेत होता.

तरीही काही वाचले. कॅथलिक चर्चच्या वह्या डब्लिनला न नेता गावोगावच्या पॅरिशमध्येच राहिल्या होत्या, म्हणून त्या जळाल्या नाहीत. राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या फिल्म घेतल्या आणि २०१५ मध्ये त्या सर्वांना मोफत खुल्या केल्या. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून आहे. आणि त्या सरकारी नोंदीच्या आधीची, दुष्काळात सुरू झालेली, एक नोंद सबंध देशाची आहे: रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ या काळात करून घेतलेली जमिनीच्या मूल्याची पाहणी. कर बसवण्यासाठी केलेली ही यादी मी पहिल्यांदा उघडली तेव्हा माझ्या तोंडून आपोआप ‘अगं, हा तर सातबारा’ असे निघाले. टाउनलँड, कब्जेदार, त्याचा वरचा मालक, घर आहे की नुसती जमीन, क्षेत्र, वार्षिक मूल्य. पुढे कब्जेदार बदलत गेले तसे जुने नाव खोडून नवे लिहिलेल्या, फेरफाराच्या वेगळ्या वह्याही आहेत, आणि त्यांत वेगवेगळ्या वर्षांचे बदल वेगवेगळ्या रंगांच्या शाईने केलेले आहेत. एका टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोन-तीन जण असले की ग्रिफिथच्या माणसांनी प्रत्येकापुढे कंसात त्याच्या बापाचे नाव घातले. स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव. अमेरिकेतल्या प्रत्येक अर्जावर ‘मधले नाव म्हणजे वडिलांचे’ असे समजावून समजावून थकलेल्या माझ्यासारखीला ते कंस पाहून किती बरे वाटले, हे इथे सांगून पटणार नाही.

या बरे वाटण्याच्या भरात मी मोठी चूक केली. नाव तेच, आडनाव तेच, जन्मवर्षात दोनच वर्षांचा फरक, असा एक माणूस मला बेराच्या एका वहीत सापडला. मी त्याच्या आईबापांना जोडले, आजोबांना जोडले, ग्रिफिथच्या यादीतले शेत शोधले, नकाशावर ते शेत पाहिले आणि त्याचे चित्र सासूबाईंना पाठवले. त्यांनी ते छापून घेऊन नोव्हेंबरातल्या सणाच्या जेवणाला साऱ्या भाचरांना दाखवले. आठ महिन्यांनी, दुसरेच काही शोधताना, १९०१ च्या जनगणनेत हा गृहस्थ आयर्लंडमध्ये आपल्या स्वतःच्या घरी, बायको आणि चार मुलांसह बसलेला दिसला. आमचा माणूस त्याआधीच्या वर्षी ब्यूटच्या खाणीत होता. सासूबाईंना फोन करून ते शेत आपले नव्हे हे सांगणे मला दोन दिवस जमले नाही.

थोडे सांत्वन ॲनी मूरच्या गोष्टीने केले. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटाचे ठाणे उघडले, तेव्हा पहिली उतरली ती कॉर्कची ही सतरा वर्षांची मुलगी, दोन धाकट्या भावांना घेऊन. तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे देण्यात आले. तिचा पुतळा एलिस बेटावर आहे आणि ती निघाली त्या कोव्ह बंदरातही आहे. पुढे ती टेक्ससमध्ये गेली आणि १९२३ मध्ये ट्रामखाली सापडून वारली, असे कित्येक दशके सगळे सांगत राहिले. २००६ मध्ये मेगन स्मोलेनियाक या संशोधिकेने कागद तपासले, तर टेक्ससची ॲनी मूर इलिनॉय राज्यात जन्मलेली निघाली. खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच, बंदरापासून थोड्याच अंतरावरच्या गरीब वस्तीत, संसार करून १९२४ मध्ये वारली होती, आणि तिची कबर क्वीन्समधल्या दफनभूमीत होती. जिचे पुतळे उभारले, तिच्याच बाबतीत हे झाले. तेव्हा माझे एक शेत चुकले तर चुकले.

दुसऱ्यांदा मी भावकी धरली. थेट माणसाचा पिच्छा सोडून त्याची बहीण शोधली. ती मागाहून ब्यूटला आली होती आणि तिचे लग्न तिथेच झाले. मोंटानाच्या लग्नाच्या नोंदीत वधूच्या बापाचे नाव असते आणि आईचे माहेरच्या आडनावासकट. हे दोन्ही जोडून ॲलिहीजच्या वह्या पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या. वह्या लॅटिनच्या तोंडवळ्याच्या. जेम्सचा ‘याकोबुस’ होतो, विल्यमचा ‘गुलिएल्मुस’, नोराची ‘होनोरा’. शाई पाझरलेली आणि फादरचे अक्षर असे की आमच्या वाईच्या वैद्यबुवांचे परवडले. दीड महिन्याने जोडपे सापडले. मग त्याच नावाचे आणखी एक जोडपे सापडले. हेच तिथले नशीब.

दोघांतून आपले कोणते, हे शेवटी बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांनी सांगितले. प्रत्येक मुलाच्या नोंदीला दोन धर्ममाता-पिता असतात आणि ते बहुधा मामा, आत्या, काका असे घरचेच असतात. एका जोडप्याच्या मुलांचे साक्षीदार आणि ब्यूटच्या घरातला तो भाडेकरू यांची नावे जुळली. त्या जोडप्याचे शेवटचे मूल १८६६ चे, म्हणून त्याची सरकारी नोंदही मिळाली. तो कागद माझ्याकडे आहे. टाउनलँडचे नाव त्यावर स्वच्छ अक्षरात आहे. ते मी इथे लिहीत नाही, कारण तिथे अजून त्यांचीच माणसे राहतात आणि त्यांना मी विचारलेले नाही. बापाचा व्यवसाय ‘खाणकामगार’. माहिती देणारी आई. तिच्या नावाच्या मधोमध एक फुली आहे, आणि वर-खाली कारकुनाने लिहिले आहे: तिची खूण. फुलीची एक रेघ लांब आहे, दुसरी तोकडी, आणि लांब रेघेच्या शेवटी टाक थोडा रुतून शाईचा ठिपका पडला आहे. आपल्या जुन्या मराठी कागदांत कुणब्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी असते. ती काढणाऱ्याला निदान नांगर ओळखीचा होता. या बाईने मात्र तो टाक त्या दिवशी पहिल्यांदाच धरला असेल. या साऱ्या शोधात आमच्या माणसांपैकी कोणाचा हात स्वतः कागदाला लागला आहे असे एवढे एकच ठिकाण. बाकीचे सगळे कर घेणाऱ्याने, बाप्तिस्मा देणाऱ्याने किंवा शिरगणती करणाऱ्याने त्यांच्याविषयी लिहिलेले.

वयांचे मी फार मनावर घेत नाही. १९०१ मध्ये अठ्ठावन्न वर्षांची असलेली बाई १९११ मध्ये बहात्तर वर्षांची होते, असे या जनगणनांत जागोजाग दिसते. त्याला कारण आहे. १९०९ च्या १ जानेवारीपासून सत्तरीच्या पुढच्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन सुरू झाले, आणि १८६४ आधी जन्मलेल्यांकडे जन्माचा सरकारी दाखला नव्हता. मग ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ आठवते का, असे विचारत: ६ जानेवारी १८३९ ची, जेव्हा वादळाने देशभरची छपरे उडवली होती. आठवते म्हणणारे बरेच निघाले. पानशेतच्या पुरात आपण केवढे होतो यावरून वय सांगणारी माणसे पुण्यात मी स्वतः पाहिली आहेत, त्यामुळे मला यात लबाडी दिसत नाही. दिसली तरी पाच शिलिंगांची ती लबाडी मी माफ करते. गंमत अशी, की पुरावा म्हणून या म्हाताऱ्यांसाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून जे उतारे शोधले गेले, त्यांचे अर्ज १९२२ च्या आगीतून वाचले. मूळ पुस्तके जळाली, आणि पेन्शनसाठी हट्ट धरून बसलेल्यांची घरे तेवढी राहिली.

गेल्या जूनमध्ये आम्ही ॲलिहीजला गेलो. कॉर्निश खाणकामगारांसाठी बांधलेल्या जुन्या प्रार्थनामंदिरात आता खाणीचे संग्रहालय आहे, डोंगरावर इंजिनघराची दगडी भिंत उभी आहे, आणि खाली बॅलीडोनेगनचा पांढरा किनारा आहे. ती वाळू समुद्राची नव्हे. खाणीत दळून फेकलेल्या दगडाचा चुरा ओढ्याने वाहून आणला आणि त्याचा तो किनारा झाला. माझ्या लेकीने त्यात किल्ला केला. सासूबाई चपला काढून बराच वेळ उभ्या होत्या. ‘म्हणजे हे सगळे त्यांनीच फोडलेले,’ एवढेच त्या म्हणाल्या.

त्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी बसून मी वंशावळीचा तक्ता पुरा करत होते. सासूबाईंच्या आजोबांची आई, तिची आई, प्रत्येकीचे माहेरचे आडनाव आपापल्या चौकटीत बसले होते, कारण त्या फादरने दर वेळी मुलाच्या आईचे स्वतःचे आडनाव लिहिले होते. लग्नाने ते पुसले गेले नव्हते. लेकीच्या तक्त्याची दुसरी बाजू माझी. नाशिकच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत माझ्या वडिलांच्या घराण्याच्या सात पिढ्या आहेत, पुरुषांच्या. बायकांच्या चौकटी रिकाम्या होत्या. तिथे रात्र, म्हणजे वाईला पहाट. वडील लवकर उठतात, म्हणून फोन केला.

‘अण्णा, तुमच्या आजीचं नाव काय होतं?’

‘सासरचं राधाबाई.’

‘ते नको. माहेरचं.’

बराच वेळ पलीकडून काही आले नाही. मग त्यांनी आतल्या खोलीत जाऊन आत्याला उठवले. ती शहाण्णव वर्षांची आहे. फोनमधून तिचा आवाज लांबून येत होता.

‘ती ओझर्ड्याची,’ आत्या म्हणाली. ‘ओढ्याच्या अलीकडचं घर. दारात चिंच होती, आम्ही लहानपणी जायचो ना.’

‘हो, पण नाव, आत्या? तिथलं आडनाव?’

‘आम्ही आजीच म्हणायचो,’ ती म्हणाली.